ताप उतरला, गळू वाढत राहिलं

मुदतीच्या तापात, म्हणजे टायफॉइडमध्ये, आतड्याला छिद्र पडू शकतं किंवा आतड्यातून रक्तस्राव होऊ शकतो, हे डॉक्टरांच्या मनात पक्कं असतं. याच तापात प्लीहेत पू साठू शकतो हे मात्र चटकन आठवत नाही. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा प्लीहेतल्या गळवाच्या कारणांमध्ये टायफॉइडचं नाव वरच्या क्रमाने येई. पुढे औषधं आली आणि हा आजार इतका मागे पडला की तो असतो हेच विसरलं जाऊ लागलं. शवविच्छेदनाच्या जुन्या मालिकांमध्ये प्लीहेतल्या गळवाचं प्रमाण ०.१४ ते ०.७ टक्के एवढंच सापडतं. इतका दुर्मिळ, पण वेळेत उपचार झाले नाहीत तर जवळपास हमखास जीव घेणारा.

पुढचा घटनाक्रम कोणा एका खऱ्या रुग्णाचा नाही. अशा रुग्णांमध्ये जे ज्या क्रमाने घडतं, ते एका ऊसतोड मजूर बाईच्या पाच आठवड्यांत बसवून सांगितलं आहे. माणसं कल्पित आहेत. जंतू, लक्षणं, तपासण्या आणि उपचार खऱ्या वैद्यकातले आहेत. वेळ मोजली आहे ती गळू फुटण्याच्या क्षणापासून मागे.

उणे ३५ दिवस

साखर कारखान्याचा हंगाम भरात आहे. बीडहून आलेल्या टोळीच्या कोप्या कालव्याकाठच्या मोकळ्या रानात पडल्या आहेत. पिण्याचं पाणी कालव्याचं. ते लुगड्याच्या पदरातून गाळून भरलं जातं. गाळल्याने गाळ निघतो, साल्मोनेला टायफी निघत नाही. टोळीला संडास नाही, आणि या जंतूचा सगळा प्रवास माणसाच्या विष्ठेतून दुसऱ्या माणसाच्या तोंडात असाच होतो. त्याला माणसाशिवाय दुसरं घर नाही.

टोळीतली बत्तीस वर्षांची बाई ते पाणी पिते. जठरातल्या आम्लातून वाचलेले जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात भिंत ओलांडतात. तिथे भक्षक पेशी त्यांना गिळतात. बहुतेक जंतू अशा गिळण्यातच संपतात. साल्मोनेला टायफी मात्र त्या पेशीच्या पोटात स्वतःसाठी बंद कप्पा तयार करून जगतो आणि वाढतो. त्याच पेशींबरोबर तो लसिकाग्रंथींमधून रक्तात, आणि रक्तातून यकृतात, अस्थिमज्जेत आणि प्लीहेत पोचतो.

बाईला अजून काहीच होत नाही. ती पहाटे उठते, भाकरी करते, फडावर जाते. साधारण एक ते दोन आठवडे असेच जातात.

उणे २३ दिवस

ताप येतो. पहिल्या दिवशी कणकण, दुसऱ्या दिवशी थोडा जास्त, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. टायफॉइडचा ताप असाच पायऱ्या चढत जातो. डोकं ठणकतं, भूक मरते, शौचाला साफ होत नाही.

ती कामावर जातच राहते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल दोघांच्या नावावर मिळून घेतलेली असते. एक जण बसला की खाडा पडतो आणि तो हिशेबातून कापला जातो. त्यामुळे ताप अंगावर काढणं हा तिचा निष्काळजीपणा नाही. तिच्या हातात तेवढाच एक मार्ग आहे.

उणे १९ दिवस

जवळच्या गावातल्या दवाखान्यात विडाल चाचणी होते आणि ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ असा कागद हातात पडतो. एक सलाईन, तीन दिवस इंजेक्शन, सोबत पाच दिवसांच्या गोळ्या.

पहिली संधी इथे हुकली. विडाल चाचणी १८९६ सालची आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं मोजते. ज्या प्रदेशात टायफॉइड नेहमीचाच आहे तिथे ही प्रतिद्रव्यं आधीच्या संसर्गामुळे अनेकांच्या रक्तात असतात, आणि दुसऱ्याच कुठल्या तापातही आकडा वर जाऊ शकतो. उलट पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. खात्रीचा मार्ग ब्लड कल्चरचा. पहिलं प्रतिजैविक देण्याआधी मोठ्या माणसाचं ८ ते १० मिलिलीटर रक्त बाटलीत घ्यायचं आणि त्यातून जंतू वाढतो का ते पाहायचं. कल्चरही सगळे रुग्ण पकडत नाही, साधारण निम्मे पकडतं. पण जंतू सापडला की तो कोणत्या औषधाला दाद देतो हेही कळतं. विडालच्या कागदावर ते कधीच कळत नाही.

आणखी एक तपासणी राहिली, तीही अगदी साधी. रक्तातली साखर. बाईला मधुमेह आहे आणि तिला तो माहीत नाही. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद कमी होते. प्लीहेत गळू होणाऱ्यांमध्ये मधुमेही पुन्हा पुन्हा भेटतात.

उणे १४ दिवस

ताप उतरला. तिने दोन दिवस विश्रांती घेतली आणि ती फडावर परतली. दवाखान्यात परत बोलावलं नव्हतं आणि गेली असती तर आणखी एक खाडा पडला असता.

त्या वेळी तिच्या शरीरात काय चाललं होतं ते पाहायला डाव्या बरगड्यांच्या आत जावं लागेल. नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराच्या मागे, मुठीएवढी प्लीहा असते. निरोगी मोठ्या माणसात तिचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. जुन्या बायका तिला पानथरी म्हणतात. शरीरातलं रक्त तिच्यातून गाळणीतून जावं तसं जातं. म्हाताऱ्या तांबड्या पेशी आणि रक्तातले जंतू तिथे अडवले जातात आणि भक्षक पेशी त्यांना संपवतात. म्हणजे ज्या पेशींमध्ये टायफॉइडचा जंतू जगायला शिकला आहे, त्याच पेशींनी हा अवयव भरलेला आहे. कार्ल एबर्थने १८८० साली हा जंतू पहिल्यांदा पाहिला तो टायफॉइडने मेलेल्यांच्या प्लीहेत आणि आतड्याच्या लसिकाग्रंथींतच. चार वर्षांनी गॅफ्कीने तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला.

टायफॉइडमध्ये प्लीहा सुजते. सुजलेल्या अवयवातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या की त्यापुढचा तुकडा रक्ताविना मरतो. मेलेल्या तुकड्यात रक्त फिरत नाही, म्हणून पांढऱ्या पेशी नीट पोचत नाहीत आणि इंजेक्शनचं औषधही पुरेसं पोचत नाही. उरलेले जंतू तिथे वाढतात. बाकीच्या शरीरातून जंतू कमी झाले म्हणून ताप उतरला. त्या मेलेल्या तुकड्यातून ते गेले नाहीत.

उणे ६ दिवस

शुक्रवार. पहाटे थंडी भरून ताप आला. अंगावर दोन गोधड्या टाकूनही हुडहुडी थांबत नाही. डाव्या बरगडीखाली दुखतं, खोल श्वास घेतला की जास्त. डाव्या खांद्याच्या टोकालाही ठणका आहे.

मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या खांद्याला ठणका असणं कुणालाच विशेष वाटलं नाही.

“भरलं असंल मोळीनं,” नवरा म्हणाला. “आज तू नुसती बस. मी बांधतो मोळ्या.”

“आवं, खाडा पडंल.”

“पडू दे.”

खांद्याला काही झालेलं नव्हतं. प्लीहेच्या वर श्वासपटल असतं. त्या पडद्याला चेतना पुरवणारा मज्जातंतू मानेतून निघतो आणि खांद्याच्या टोकाकडची संवेदना नेणारे मज्जातंतूही मानेत त्याच पातळीवर येऊन मिळतात. पडद्याला खालून दाह झाला की मेंदूला दुखणं खांद्यात वाटतं. डाव्या बाजूच्या या खुणेला जर्मन शल्यविशारद हान्स केर याच्या नावाने केरची खूण म्हणतात.

टायफॉइडचा ताप उलटू शकतो, हे खरं. उपचार झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांमध्ये तो दोन-तीन आठवड्यांत परत येतो. म्हणून परत आलेला ताप पाहिला की डॉक्टरसुद्धा ‘उलटला’ म्हणून पुन्हा तीच औषधं लिहितात. पण थंडी वाजून आलेला ताप आणि डाव्या बरगडीखालचं दुखणं एकत्र आलं की त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी व्हायला हवी. त्या शुक्रवारी सोनोग्राफी झाली असती, तर गळू बहुधा लहान आणि एकाच पोकळीचं सापडलं असतं. सुईने किंवा बारीक नळीने पू काढून, चार ते सहा आठवडे योग्य प्रतिजैविक देऊन प्लीहा वाचवता आली असती.

उणे ६६ तास

सोमवार, सकाळी १०.४०. तालुक्याचं खासगी रुग्णालय. ताप १०३. छातीचा एक्स-रे निघतो. डावं श्वासपटल थोडं वर उचललेलं, डाव्या फुप्फुसाच्या तळाशी थोडं पाणी. डाव्या बाजूचा न्यूमोनिया ठरतो आणि ती अॅडमिट होते.

चूक समजण्यासारखी आहे, म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी. श्वासपटलाच्या खाली गळू असलं की दाहामुळे वरच्या बाजूला, छातीत, पाणी जमतं. एक्स-रेवर दिसतं ते छातीतलं पाणी. त्याचं मूळ पडद्याच्या खाली असतं. खोकला नाही, कफ नाही, पण डाव्या तळाशी पाणी आहे आणि रुग्ण नुकताच टायफॉइडमधून उठलेला आहे. एवढं असताना नजर पडद्याच्या खाली जायला हवी. प्रोब पोटावर ठेवायला पाच मिनिटं पुरतात.

उणे ४२ तास

मंगळवार, सकाळी १०.४०. न्यूमोनियाची औषधं चालू होऊन चोवीस तास झाले. ताप हलला नाही. नाडी १२०. ती डाव्या कुशीवर वळू शकत नाही. दुपारपर्यंत रुग्णालय सांगतं की मोठ्या दवाखान्यात न्या.

१०८ ची रुग्णवाहिका येते. नवरा चिठ्ठ्या, एक्स-रे आणि विडालचा जुना कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर बसतो. ती पिशवी पुढे फार उपयोगाला येणार आहे.

उणे ३२ तास

मंगळवार, रात्री ८.४०. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, कॅज्युअल्टी. मेडिसिनची निवासी डॉक्टर पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावते. तीन आठवड्यांपूर्वी टायफॉइड. मधे ताप नाही. मग थंडी वाजून ताप, डावीकडे दुखणं, डाव्या छातीत पाणी.

“ताई, इथे हात लावते. दुखलं तर सांगा.”

बोटांच्या कडा डाव्या बरगडीच्या खाली ठेवून ती बाईला मोठा श्वास घ्यायला सांगते. श्वासाबरोबर प्लीहा खाली सरकते आणि बोटांना टेकते. बाई श्वास अर्ध्यातच तोडते आणि डॉक्टरचा हात धरते. वाढलेली प्लीहा टायफॉइडमध्ये नवी नाही. हात लागताच श्वास तुटेल इतकी हुळहुळी प्लीहा मात्र सहसा नसते. ताप, डावीकडे वरच्या पोटात दुखणं आणि तिथे दुखरी गाठ ही प्लीहेतल्या गळवाची पाठ्यपुस्तकातली तीन लक्षणं. अनेक रुग्णांत तिन्ही एकत्र दिसतच नाहीत, म्हणून दोन दिसली तरी संशय घ्यायचा.

बोटातून काढलेल्या थेंबात साखर ३४०. डॉक्टर हृदयाचे ठोके बराच वेळ ऐकते, कारण आजच्या काळात प्लीहेत गळू होण्याचं एक मोठं कारण हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग हे आहे. झडपेवरचा जंतूंनी भरलेला कण सुटून प्लीहेत अडकतो. मग ती विचारते, घरात कुणाला सिकलसेल आहे का. विदर्भात आणि नंदुरबारपासून मेळघाटापर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात हा प्रश्न प्रत्येक तापाच्या रुग्णाला विचारावाच लागतो. सिकलसेलच्या रुग्णांना साल्मोनेलाचा संसर्ग जास्त खोलवर होतो. शिवाय भारतातल्या अनेक सिकलसेल रुग्णांची प्लीहा लहानपणीच आक्रसून जात नाही, मोठी राहते.

उणे ३१ तास

दोन वेगवेगळ्या शिरांतून रक्त घेऊन कल्चरच्या बाटल्या भरल्या. त्यानंतरच सेफ्ट्रियाक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल चालू झालं, सोबत इन्सुलिन. या क्रमाला फार महत्त्व आहे. आधी हे नवं औषध गेलं असतं तर बाटलीत जंतू वाढण्याची शक्यता आणखी घटली असती. औषध रोखून धरलं असतं तर रक्तात पसरलेला संसर्ग वाढला असता. बाटल्या भरायला दहा मिनिटं लागली.

उणे २९ तास

मंगळवार, रात्री ११.४०. सोनोग्राफी. डाव्या बरगड्यांच्या फटीतून प्रोब तिरका धरल्यावर प्लीहा पडद्यावर येते. एरवी ती एकसारख्या करड्या रंगाची असते. इथे तिच्या खालच्या टोकाकडे काळपट, वेड्यावाकड्या कडांची जागा आहे, सगळ्यात मोठ्या बाजूने साडेआठ सेंटिमीटर. आत बारीक पांढरे ठिपके आहेत. प्रोबने हलकं दाबलं की ते ठिपके सावकाश हलतात आणि पुन्हा तळाला बसतात. साधं पाणी असतं तर ते पूर्ण काळं दिसलं असतं. हा दाट पू आहे. त्यात दोन पडदेही दिसतात.

रेडिओलॉजिस्ट शक्यता लिहितो: गळू, मेलेला तुकडा, जुनं रक्त, क्षय, हायडाटिडची गाठ. मग पहिल्या शब्दाखाली रेघ मारतो.

उणे १८ तास

बुधवार, सकाळी १०.४०. शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन होतो. प्लीहेतल्या गळवासाठी सर्वांत भरवशाची तपासणी हीच. आतापर्यंत जे एक गळू वाटत होतं त्यात एकमेकांना लागून तीन पोकळ्या आहेत, मधे जाड पडदे. सर्वांत खालची पोकळी प्लीहेच्या आवरणाला चिकटून आहे. तिथे बाहेरची कड कागदासारखी पातळ आहे.

उणे १४ तास

बुधवार, दुपारी २.४०. सर्जरी, मेडिसिन आणि रेडिओलॉजी एकत्र बसतात. तीन मार्ग आहेत.

नुसत्या औषधांवर ठेवणं. गळू फार लहान असेल तर ते चालतं. साडेआठ सेंटिमीटरला नाही.

सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने बाहेरून सुई घालून पिगटेल नळी ठेवणं. पोकळी एकच असेल, पू पातळ असेल आणि आतड्याला किंवा फुप्फुसाला धक्का न लावता वाट सापडत असेल तर हा पहिला पर्याय. प्लीहा वाचते, मोठी शस्त्रक्रिया टळते. पण इथे पोकळ्या तीन आहेत. एक नळी एकीतला पू काढेल, दोन तशाच राहतील.

तिसरा मार्ग प्लीहा काढून टाकण्याचा. तो ठरतो. गुरुवारी सकाळची पहिली शस्त्रक्रिया. मधल्या वेळेत साखर आटोक्यात आणायची आहे, रक्तगट जुळवून रक्ताच्या पिशव्या तयार ठेवायच्या आहेत. प्लीहा नियोजनाने काढायची असते तेव्हा न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी किमान दोन आठवडे आधी देतात. इथे तेवढा वेळ नाही.

“काढल्यावर ती काम करू शकंल का?” नवरा विचारतो.

“करू शकेल. पण काढली नाही तर ती वाचेलच असं नाही.”

तो सही करतो.

उणे १० तास

बुधवार, संध्याकाळी ६.४०. कल्चरच्या यंत्रात एका बाटलीचा दिवा लागतो. जंतू वाढतो आहे. काचपट्टीवर लाल रंगाच्या दंडाकार पेशी दिसतात, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह. नाव कळायला उद्या-परवा उजाडेल, पण सेफ्ट्रियाक्सोन चालू ठेवायला एवढी माहिती पुरेशी आहे.

उणे ४ तास

मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटं. नाडी १२८, रक्तदाब १००/६०. दुखणं थोडं वाढलं आहे. ड्यूटीवरचे सर्जन पोट तपासतात. डावीकडे दुखतं, बाकी पोट मऊ आहे. शस्त्रक्रिया सकाळी आठऐवजी सहाला घ्यायची ठरते. भूलतज्ज्ञांना कळवलं जातं, रक्तपेढीतून दोन पिशव्या वर आणल्या जातात.

शून्य तास

गुरुवार, पहाटे ४.४०. बाई उठून बसायला जाते आणि ओरडते.

“मॅडम, पोटात काहीतरी फुटल्यावानी झालं.”

आवरणाला चिकटलेली पोकळी फुटली. पू आणि रक्त पोटाच्या पोकळीत पसरलं. काही मिनिटांत डावीकडचं दुखणं सगळ्या पोटात पोचतं आणि पोट लाकडासारखं कडक होतं. नाडी १५०, रक्तदाब ७०/४०, हातपाय गार. दोन्ही हातांत मोठ्या सुया लागतात. वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिलीटर या हिशेबाने सलाईन चालू होतं, पाठोपाठ रक्त. तरी दाब उचलत नाही, म्हणून नॉरअॅड्रेनालिन सुरू होतं.

रक्त आधीच वर आणलेलं होतं. भूलतज्ज्ञ आधीच जागे होते. संमतीवर सही आधीच झालेली होती. ही तयारी नसती तर त्यातच तास-दीड तास गेला असता, आणि तेवढा वेळ तिच्याजवळ नव्हता.

अधिक ५० मिनिटं

पहाटे ५.३०. पोट मधोमध उघडलं जातं. तपकिरी, रक्तमिश्रित पू बाहेर येतो. प्लीहा श्वासपटलाला चिकटलेली आहे. सर्जन हाताने ती सोडवून पुढे आणतात. प्लीहेची धमनी स्वादुपिंडाच्या वरच्या काठाने येते आणि स्वादुपिंडाचं शेपूट प्लीहेच्या मुखाला भिडलेलं असतं. घाईत त्याला चिमटा लागला तर पाचक रस पोटात गळतो. म्हणून रक्तदाब घसरलेला असतानाही हा एक टप्पा सावकाश करावा लागतो. धमनी बांधली, शीर बांधली, प्लीहा बाहेर आली. पोट कोमट सलाईनने पुन्हा पुन्हा धुतलं, नळी ठेवली. बाई अतिदक्षता विभागात गेली.

अधिक ३६ तास

कल्चरचा पूर्ण अहवाल आला: साल्मोनेला टायफी. सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद नाही, सेफ्ट्रियाक्सोन आणि अझिथ्रोमायसिनला आहे. पहिल्या दवाखान्यातल्या गोळ्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या होत्या. भारतात आज टायफॉइडचे बहुतेक जंतू या औषधाला पुरेशी दाद देत नाहीत. पाकिस्तानच्या सिंध प्रांतातल्या हैदराबादेत २०१६ पासून पसरलेला टायफॉइड तर सेफ्ट्रियाक्सोनलाही जुमानत नाही. तिथे गोळ्यांमध्ये अझिथ्रोमायसिन आणि इंजेक्शनात कार्बापेनेम एवढाच आधार उरला. अंदाजाने लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी आपल्यालाही त्याच दिशेने नेते.

अधिक १४ दिवस

ती वाचली. आता तिन्ही लसी दिल्या जातात. प्लीहा नसलेल्या माणसात न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत जीव घेऊ शकतात. म्हणून यापुढे तिला कधीही ताप आला तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि पहिलं वाक्य ‘माझी प्लीहा काढलेली आहे’ हे म्हणायचं. तसं लिहिलेलं कार्ड तिच्या आणि नवऱ्याच्या जवळ राहील. इन्सुलिन कसं टोचायचं ते दोघांनी शिकून घेतलं आहे.

हिशेब

गळू पहाटे ४.४० ला फुटलं, पण वेळ त्या रात्री वाया गेला नाही. मोठ्या रुग्णालयात पोचल्यापासून तीन तासांत निदान झालं आणि अठरा तासांत दिशा ठरली. वेळ गेला तो शुक्रवार पहाटेपासून मंगळवार रात्रीपर्यंत. पावणेपाच दिवस पोटावर प्रोब ठेवला गेला नाही. त्याआधी गेला तो पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी, जेव्हा कल्चर झालं नाही आणि साखर तपासली नाही. दुर्मिळ आजार ओळखायला इथे दुर्मिळ हुशारी लागत नाही. योग्य औषध चालू असूनही आठवड्यात न हटलेला टायफॉइड, किंवा हटून परत आलेला ताप, यांच्याकडे नव्याने पाहण्याची सवय असावी लागते.

आणि सगळ्याच्या आधी पाण्याचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ या एका वर्षात जगात ९० लाख लोकांना टायफॉइड झाला आणि १ लाख १० हजार माणसं मेली. त्यातला मोठा वाटा आपल्या दक्षिण आशियाचा. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडची संयुग्म लस सरकारी मोहिमेतून मुलांना द्यायला सुरुवात केली. सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेने ही लस अशी वापरण्याची ती जगातली पहिली वेळ होती. लस भारतातच बनलेली होती. म्हणजे साधन आपल्याकडे आहे, ते वापरण्याचा अनुभवही महाराष्ट्राकडे आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर दरवर्षी हजारो मुलं कोप्यांमध्ये राहायला जातात. गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक तळावर क्लोरिन घातलेलं पाणी, संडास आणि मुलांना लस पोचवण्याची जबाबदारी कारखान्यांनी आणि आरोग्य खात्याने उचलली, तर या घटनाक्रमाची पहिली नोंदच होणार नाही.

तोवर घरातल्या माणसांनी एवढं लक्षात ठेवावं. टायफॉइड होऊन गेलेल्या कुणालाही थंडी वाजून पुन्हा ताप आला आणि डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात दुखत असेल, तर चिठ्ठीवरचं औषध बदलून घेऊन घरी परतू नका. त्याच दिवशी रक्ताचं कल्चर, साखर आणि पोटाची सोनोग्राफी करून मागा. डॉक्टरांनी गरज नाही म्हटलं, तर का नाही ते विचारा. त्या विचारण्याने कुणाचा अपमान होत नाही, एखाद्याचा जीव मात्र वाचू शकतो.